आतून दोरी ओढणारी

म्युरिएल पेटिग्रूला गाडी चालवता येत नव्हती, पण ब्रेक तिच्याइतका अख्ख्या वेलंड गावात कुणी दाबला नसेल. "दाब... धर... सोड," असा गाडीखालून क्लिफचा आवाज यायचा आणि वर सीटवर बसलेली म्युरिएल दाबायची, धरायची, सोडायची. ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची तर दोन माणसं लागतात, एक खाली आणि एक वर. खालचा स्वतःला मेकॅनिक म्हणवतो. वरच्याला कुणी काहीच म्हणत नाही. बावीस वर्षं म्युरिएल वर होती.

बावीस वर्षं, कारण गाडी आली १९७४ साली. आली म्हणजे क्लिफने ती कुणाच्या तरी गोठ्यामागून ओढून आणली. इंग्लंडात बनलेली, दोन सीटची, कापडी छताची, बुटकी. आत कोंबड्यांनी घर केलं होतं. "दोन वर्षं दे मला," क्लिफ म्हणाला होता, "मग बघ, समुद्रापर्यंत नेतो तुला." तेव्हा त्यांच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. मूल झालं नव्हतं आणि पुढेही झालं नाही. त्यावर दोघं कधी धड बोलले नाहीत. बोलणं तिथपर्यंत आलं की क्लिफला गॅरेजात काहीतरी आठवायचं.

तो पाइपच्या कारखान्यात होता, ती हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात. सव्वीस वर्षं ओल्या चादरी पिळून म्युरिएलच्या मनगटांत अशी ताकद आली होती की लोणच्याच्या बरणीचं घट्ट बसलेलं झाकण क्लिफ तिच्याकडे आणून द्यायचा. तीच ताकद त्याला गॅरेजात कामी यायची. नट धरायला म्युरिएल, बॅटरीचा उजेड धरायला म्युरिएल, आणि काच बसवायची असेल तर आतून दोरी ओढायला म्युरिएल. जुन्या गाड्यांच्या क्लबातले लोक कौतुकानं म्हणायचे, "क्लिफ, नशीबवान आहेस लेका, आमच्या बायका गॅरेजात पाऊल टाकत नाहीत." क्लिफ मान डोलवायचा. जणू ते नशीब त्यानं स्वतः घासून-पुसून तयार केलं होतं.

गाडी चालायची, नाही असं नाही. रविवारी क्लबाच्या मेळाव्याला जायची, परत यायची. पण पुरी झाली नव्हती. आज सीटचं कातडं, उद्या रंग, परवा आणखी काही. आणि समोरच्या काचेभोवतीचं रबर सुकून चिरलं होतं, त्यातून पाऊस आत यायचा. यायचा तोही नेमका म्युरिएलच्या बाजूनं. ती मांडीवर टॉवेल घेऊन बसायची. तिला विचाराल तर तिची काही तक्रार नव्हती. तिला तक्रार करायची सवयच नव्हती, आणि हीच तिच्या जन्माची खोट.

तिच्या वतीनं तक्रार करायला एक माणूस होतं. तिची थोरली बहीण थेल्मा.

आई गेली तेव्हा म्युरिएल नऊ वर्षांची होती आणि थेल्मा सतरा. बाप दारूत बुडालेला. थेल्मानं धाकटीला न्हाऊमाखू घातलं, तिच्या शाळेच्या डब्यात रोज काहीतरी घातलं, आणि एका खाणकामगाराशी ठरलेलं स्वतःचं लग्न म्युरिएलची शाळा संपेपर्यंत लांबवलं. आठ वर्षं. तोही बिचारा थांबला. मग ती लग्न करून वर उत्तरेत किर्कलंड लेकला गेली, सोन्याच्या खाणीच्या गावात, वेलंडपासून गाडीनं आठ तास. जीभ अशी तिखट की तिथले खाणकामगारसुद्धा तिच्यासमोर टोपी काढून बोलायचे.

१९८८च्या नाताळात सगळे थेल्माकडे जमले होते. टर्की कापून झाली होती, आणि क्लिफ अर्धा तास कार्ब्युरेटरबद्दल बोलत होता. थेल्मानं सुरी खाली ठेवली.

"क्लिफ, एक सांग मला. तू माझ्या बहिणीशी लग्न केलंस, की तिला पान्यांच्या पेटीत ठेवलंयस? चौदा वर्षं ऐकतेय मी, गाडी होतेय, होतेय. ते डबडं पुरं होऊन माझ्या दारात येईल ना, त्या दिवशी मी रस्त्यावर नाचेन."

सगळे हसले. म्युरिएलही हसली, आणि ते क्लिफनं बघितलं. तो उठला, कोट घातला आणि म्हणाला, "आता पुरी झालेली गाडी घेऊनच येईन या दारात. तोवर नाही."

आणि तो गेला नाही, आठ वर्षं. थेल्माचा नवरा वारला तेव्हाही गेला नाही. म्युरिएल एकटी बसनं गेली, काळा ड्रेस पिशवीत घालून. थेल्मानं एकदाच विचारलं, "एकटीच?" आणि पुढे काही बोलली नाही. त्या न बोलण्याची म्युरिएलला जास्त लाज वाटली.

हे सगळं आधी सांगितलं, कारण १९९६च्या मार्चमध्ये थेल्मानं फोन केला तेव्हा ती काय बोलली आणि ते म्युरिएलला किती लागलं, हे कळायला हवं.

"फुप्फुसं गेली माझी," थेल्मा म्हणाली. किराणा संपला असं सांगावं तशा आवाजात.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"तो काय म्हणणार? उन्हाळा बघशील म्हणाला. सगळा की अर्धा, ते त्याला विचारायचं राहिलं. शेरिल आलीय राहायला." शेरिल म्हणजे तिची मुलगी. "माझा पलंग पुढच्या खोलीत आणलाय, रस्ता दिसतो. म्युरिएल, तू ये. आणि तुझ्या त्या हट्ट्यालाही आण."

"तो..."

"ठाऊक आहे मला. त्या दिवशी मी जरा जास्तच बोलले. पण तसं त्याला सांगू नकोस, डोक्यावर बसेल. त्याला सांग, थेल्माला गाडी बघायचीय. त्या डबड्यातून या दोघं. मला बघू दे एकदा, माझी बहीण त्यात बसून कशी दिसते ते."

म्युरिएलनं क्लिफला तसंच सांगितलं. तो टोस्टला लोणी लावत होता. सुरी तशीच हातात राहिली.

"ती म्हणाली? स्वतः? गाडी बघायचीय असं?"

"हो. पण क्लिफ, वेळ फार नाहीये. या शनिवारी आपल्या व्हॅननं जाऊ आणि..."

"व्हॅन बघायला बोलावलंय का तिनं?" तो उठलाच. "काचेचं रबर बदलायला हवं. बाकी सगळं झालंय. ते फुटकं रबर तिला दिसलं तर काय म्हणेल? इंग्लंडहून मागवतो. दोन आठवडे, फार तर तीन. मग निघू."

खरं सांगायचं तर म्युरिएललाही ते आवडलं होतं. तिनं नंतर कित्येकदा स्वतःला त्यासाठी शिव्या घातल्या, पण आवडलं होतं हे खरं. डोक्याला रुमाल बांधून आपण त्या लाल गाडीतून थेल्माच्या रस्त्यावर शिरतोय, शेजारी पडदे सारून बघतायत, थेल्मा खिडकीतून बघतेय. बावीस वर्षं जिची कीव केली ती बहीण एकदा तरी थाटात आलेली तिला दिसावी. एवढीच हौस. माणसाला एवढी हौस असू नये का? असावी. पण फुप्फुसं गेलेल्या माणसाशी ती खेळू नये.

रबर एप्रिलच्या मध्याला आलं. त्या शनिवारी क्लबाचा सेक्रेटरी नेव्हिल काम बघायला आला. काच बसवण्यात क्लिफचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. क्लबाच्या पत्रकात त्यानं यावर लेखही लिहिला होता आणि त्यात एक वाक्य ठळक छापलं होतं: आधी पट्टी, मग काच. रबराच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक चीर असते, तीत चकचकीत धातूची पट्टी बसते. शोभेची. ही पट्टी काच टेबलावर असतानाच रबरात बसवायची. एकदा काच गाडीत गेली की रबर असं आवळतं की त्या चिरेत नखसुद्धा जात नाही.

नेव्हिल खुर्ची टाकून बसला आणि क्लिफचं व्याख्यान सुरू झालं. रबर काचेभोवती चढवलं. रबराच्या आतल्या खाचेत गोल फिरवून दोरी बसवली, तिची दोन्ही टोकं खाली मधोमध लोंबती ठेवली. साबणाचं पाणी चोपडलं. काच उचलून चौकटीवर टेकवली. म्युरिएल आत बसली, दोरीची टोकं तिच्या हातात. बाहेरून क्लिफनं तळव्यांनी काच दाबायची आणि आतून तिनं दोरी ओढत जायची, म्हणजे दोरी निघते तसा रबराचा ओठ, म्हणजे आतली कड, चौकटीच्या पत्र्यावर उलटून आत येतो. सगळी कला दोरीत. जोरात ओढली तर रबर फाटतं, वाकडी ओढली तर ओठ दुमडतो. कला दोरीत, आणि लेख क्लिफच्या नावावर.

"हळू... हं... थांब... आता ओढ. बघ नेव्हिल, बघ कसा येतोय!"

वीस मिनिटांत काच बसली. नेव्हिलनं टाळ्या वाजवल्या. मग तो हात पुसायला टेबलाकडे गेला आणि तिथून म्हणाला, "क्लिफ, हे काय आहे रे?"

कागदात गुंडाळलेली लांब पट्टी त्यानं वर धरली होती.

क्लिफचे कान लाल झाले. व्याख्यानाच्या नादात त्याच्याच लेखातलं ठळक वाक्य तो विसरला होता.

"राहू दे की," गाडीतून म्युरिएल म्हणाली. "पट्टीशिवाय गाडी पळत नाही का?"

"तिचं बरोबर आहे," नेव्हिल म्हणाला. "पाणी तर आत येणार नाही. तू जाऊन ये थेल्माकडे. पट्टीचं आल्यावर बघू."

"बिनपट्टीची गाडी घेऊन जाऊ? तिच्या दारात? पहिली नजर तिची तिथंच जाईल."

थेल्माला पट्टी आणि पडद्याचा गज यांतला फरक कळला नसता. पण हे क्लिफला सांगायचं कुणी? नेव्हिल गेल्यावर त्यानं स्क्रू-ड्रायव्हर घेऊन चीर उघडून पट्टी आत कोंबायला सुरुवात केली. म्युरिएल म्हणत राहिली, नको रे, क्लिफ, नको. उजव्या कोपऱ्यात रबर टरकन फाटलं. त्यानं पट्टी आपटली, सुरी आणली आणि सगळं नवंकोरं रबर कापून काढलं. काच परत टेबलावर आली. इंग्लंडच्या दुकानाला फोन केला तर माल संपलेला. पाच आठवडे लागतील म्हणाले.

थेल्मा दर रविवारी फोन करायची. आवाज आठवड्यागणिक बारीक होत चालला होता, जीभ मात्र तशीच.

"पट्टी? कसली पट्टी गं?"

"काचेभोवतीची. चकचकीत असते."

"आणि ती नसली तर? काचेतून दिसत नाही का?" थेल्मा हसायला लागली, हसता हसता खोकायला लागली, आणि बराच वेळ नुसता खोकलाच ऐकू येत राहिला. मग म्हणाली, "त्याला म्हणावं, मीही पट्टीबिट्टी न लावताच जाणार आहे. ये गं बाई तू. नुसती ये."

म्युरिएलनं फोन ठेवला आणि कपाटावरची बॅग खाली काढली. टोरांटोहून वर जाणाऱ्या बसची वेळ तिनं कधीच विचारून ठेवली होती. क्लिफनं बॅग बघितली.

"जा ना. मी कुठं अडवतोय? पण मग मी येणार नाही, एवढंच. मी आलो नाही म्हणजे मीच वाईट, बाकी सगळे चांगले. नेहमीचंच आहे. सगळं तुझ्यासाठी चाललंय, तुझ्या बहिणीसाठी चाललंय, आणि तूच अशी..."

तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो गॅरेजात जाऊन दिवा न लावता बसून राहिला. तासाभरानं म्युरिएलनं बॅग परत वर ठेवली आणि त्याला जेवायला हाक मारली.

इथं म्युरिएललाच दोन शब्द सुनवावेसे वाटतात. अगं बाई, बस होती! तिकिटाएवढे पैसे पर्समध्ये होते. पाय धड होते. बसू द्यायचं होतं त्याला अंधारात! पण जी बाई बावीस वर्षं 'सोड' म्हटल्याशिवाय पाय उचलत नाही, ती एकदम कशी उचलेल? तिनं स्वतःची समजूत घातली की दोघांनी मिळून जाण्यात थेल्माचाच आनंद आहे. समजूत अशी घातली की त्यात आपल्या भित्रेपणाचं नाव कुठं येऊ नये.

मे महिना असाच गेला. दुसरं रबर तीस तारखेला, गुरुवारी आलं. शनिवारी काच, रविवारी पहाटे निघायचं, असं ठरलं. म्युरिएलनं थेल्माला कळवलं. थेल्माचा नुसता श्वास ऐकू आला. मग शेरिल फोनवर आली आणि म्हणाली, "मावशी, आता लवकर या."

शनिवारी छान ऊन होतं. नेव्हिलला बोलावलं नव्हतं. क्लिफनं मुकाट्यानं आधी पट्टी बसवली, दोनदा तपासली, मग दोरी घातली. नऊच्या सुमाराला म्युरिएल आत बसली. ऊन मिळावं म्हणून गाडी गॅरेजाबाहेर अंगणात घेतली होती. स्वयंपाकघराची खिडकी दहा पावलांवर, उघडी.

खालची बाजू झाली. डावी झाली. वरची अर्धी झाली होती तेव्हा फोन वाजला.

म्युरिएलनं मान वळवली.

"सोडू नकोस!" काचेपलीकडून क्लिफ म्हणाला. दोन्ही तळवे काचेवर, चेहरा घामेजलेला. "अर्ध्यात सोडलीस तर ओठ दुमडेल, सगळं पुन्हा काढावं लागेल. वाजू दे. नंतर कर फोन."

फोन वाजत राहिला. म्युरिएल मोजत होती. चौदा वेळा वाजला आणि थांबला.

"हं. ओढ. हळू."

तिनं वीतभर दोरी ओढली. फोन पुन्हा वाजायला लागला.

थेल्मा रविवारी फोन करायची. शनिवारी सकाळी त्यांच्याकडे कुणाचाच फोन येत नसे. म्युरिएलला कळलं होतं, पहिल्या घंटेलाच कळलं होतं. दोरी सोडायला काय लागतं? बोटं उघडायची फक्त. तिची बोटं उघडली नाहीत. "सरळ ओढ, सरळ," क्लिफ म्हणत होता, आणि ती सरळ ओढत होती. आयुष्यात कधी ओढली नसेल इतकी सरळ. अकरा घंटा झाल्या. फोन थांबला. दोरीचं टोक सुटून तिच्या मांडीवर पडलं आणि रबर सगळीकडून एकसारखं बसलं, कुठं सुरकुती नाही, कुठं फट नाही.

"वा!" क्लिफ ओरडला. "वा, म्युरिएल! कारखान्यातसुद्धा अशी बसवत नाहीत!"

ती तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात पोचली होती. हात साबणानं बुळबुळीत, रिसीव्हर हातातून निसटला. किर्कलंड लेकचा नंबर फिरवला. लाइन व्यस्त. पुन्हा फिरवला. व्यस्त. बाहेरून क्लिफ "बादली आण गं" म्हणाला. तिनं पुन्हा फिरवला. वीस मिनिटांनी लाइन लागली.

"मावशी?" शेरिलचा आवाज रडून बसलेला. "मावशी, आई गेली गं. आत्ताच. मी डॉक्टरांशीच बोलत होते."

म्युरिएलनं बुळबुळीत रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"सकाळी एकदम शुद्धीवर आली. म्हणाली, म्युरिएलला लाव. मी लावला, तिच्या कानाशी धरला. घंटा वाजत राहिली. मी म्हटलं, कुणी उचलत नाहीये, आई. तर म्हणाली, पुन्हा लाव. पुन्हा लावला. आणि मग हसली गं, मावशी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. म्हणाली, 'उचलत नाहीत म्हणजे निघाले ते. निघाले एकदाचे.' मला म्हणाली, पडदा सारून ठेव, रस्ता दिसू दे. आणि रस्त्याकडे बघता बघताच..." शेरिलनं नाक ओढलं. "तुम्ही आजच निघालात ना? वाटेतून बोलतेयस ना तू?"

म्युरिएलला समोर खिडकीतून गाडी दिसत होती. काच झगझगत होती.

"हो," ती म्हणाली. "निघालोय आम्ही. पेट्रोल पंपावर थांबलोय."

तिनं फोन ठेवला. क्लिफ दारात उभा होता, हातात फडकं. शेवटचं त्यानं ऐकलं होतं, आणि काय झालं ते त्याला तिच्या तोंडाकडे बघून कळलं असावं. तो थोडा वेळ हात पुसत राहिला.

"कुठवर आलोय म्हणून सांगितलंस?" त्यानं विचारलं.

म्युरिएलनं त्याच्याकडे बघितलं. हाच तो माणूस, असं तिच्या मनात आलं. अठ्ठावीस वर्षं.

"नाही सांगितलं."

"मग बरं. लगेच निघालो तर संध्याकाळी पोचू. थोडा उशीर झाला तर रस्त्याचं काम चाललं होतं म्हणू." मग जरा खालच्या आवाजात, "गाडीच घेऊ. तिला बघायची होती."

ते गाडीनंच गेले. आठ तासांत दोघं मिळून दहा वाक्यं बोलले असतील, त्यांतली सात क्लिफची, आणि तीही इंजिनाबद्दल.

मंगळवारी चर्चमध्ये प्रार्थना झाली, दफन झालं, आणि सगळे चर्चच्या तळघरात जेवायला जमले. लांब टेबलांवर अंड्याची सँडविचं, लोणची, टार्ट, मोठ्या किटलीत कॉफी. बायका आत, पुरुष बरेचसे बाहेर. बाहेर लाल गाडी उभी होती. खाणीतले म्हातारे तिच्याभोवती खिशात हात घालून फिरत होते आणि क्लिफ बॉनेट उघडून दाखवत होता. तो आत आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला होता, आणि आपण कुठं आहोत हे आठवून त्यानं तो पटकन गंभीर केला.

शेरिल प्रत्येकाला तेच सांगत होती. तिला तेवढाच आधार होता. "मावशी वाटेत होती ना, तेव्हाच आई गेली. पण आईला कळलं होतं. फोन उचलला नाही, तेव्हाच तिनं ओळखलं की निघाले. हसत गेली." ऐकणारा प्रत्येक जण मग म्युरिएलकडे यायचा, तिचा हात हातात घ्यायचा. "वाटेत असताना अशी बातमी! कसं सोसलंस गं?" शेजारची एक म्हातारी तिच्याजवळ बसूनच राहिली, तिच्या पाठीवरून हात फिरवत. "सुखानं गेली हो तुझी बहीण. तू येतेयस हे ठाऊक असताना गेली. सगळ्यांच्या नशिबी नसतं असं मरण." क्लिफ मागे उभा राहून मान हलवत होता. "आम्ही आपले धावत सुटलो होतो," तो म्हणाला. "पण वाट लांब."

म्युरिएलच्या हातातल्या बशीत अर्धं सँडविच होतं. तिनं बशी गुडघ्यावर ठेवली.

"आम्ही निघालो नव्हतो," ती म्हणाली.

म्हातारीला नीट ऐकू आलं नाही. शेरिलला आलं. ती किटली घेऊन वळली.

"काय मावशी?"

"आम्ही घरी होतो, शेरिल. फोन मी ऐकला. दोन्ही वेळा ऐकला. खिडकी उघडी होती. आधी चौदा घंटा झाल्या, मग अकरा. मी गाडीत बसून काच बसवायची दोरी ओढत होते. सोडली असती तर काम पुन्हा करावं लागलं असतं. म्हणून सोडली नाही."

"म्युरिएल," क्लिफ म्हणाला, "दमलीयेस तू. काहीतरी बोलू नकोस."

"तू गप बस." इतकी वर्षं जे थेल्मा तिच्या वतीनं बोलायची ते तिच्या तोंडून आलं, आणि आलं तेही किती उशिरा. "त्यानं सोडू नको म्हटलं, शेरिल, पण हात माझे होते. पेट्रोल पंप वगैरे सगळं खोटं. तुझी आई रस्त्याकडे बघत होती ना, त्या रस्त्यावर कुणीच नव्हतं."

आसपासच्या बायकांनी माना वळवल्या. शेरिलनं किटली टेबलावर ठेवली. तिच्या चेहऱ्यावर राग येईल, ती ओरडेल, निदान रडेल, असं म्युरिएलला वाटलं, तसं व्हावं अशी तिची इच्छाही होती.

"हे मला कशाला सांगितलंस, मावशी?" शेरिल अगदी हळू म्हणाली. "माझ्याजवळ आईच्या शेवटच्या दिवसांची तेवढी एकच चांगली आठवण होती."

तिनं म्युरिएलच्या गुडघ्यावरची बशी उचलली, त्यातलं उरलेलं सँडविच कागदी रुमालात नीट गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं.

"वाटेत खा," ती म्हणाली. "लांब जायचंय तुम्हाला."